साहेब वॉर्डात येतात तेव्हा

झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयातल्या नवजात अतिदक्षता कक्षाला १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री आग लागली. त्या रात्रीच दहा बाळं गेली. वाचवलेल्यांपैकीही काही पुढच्या दिवसांत दगावली. कक्षात क्षमतेच्या दुपटीहून जास्त बाळं ठेवलेली होती. उत्तर प्रदेशचे उपमुख्यमंत्री आणि आरोग्यमंत्री ब्रजेश पाठक झाशीकडे निघाले. ते पोचण्याआधी रुग्णालयाजवळच्या रस्त्याकडेला चुन्याची पूड टाकली जात असल्याचं चित्रीकरण देशभर फिरलं. पाठक यांनी स्वतः त्याचा निषेध केला आणि चुना टाकायला लावणाऱ्यावर कारवाई करायला सांगितलं.

संताप सगळ्यांनाच आला आणि तो यायलाच हवा होता. पण ती पूड त्या पहाटे कुणाला अचानक सुचलेली नव्हती. मोठा माणूस येणार म्हटलं की रस्त्याच्या कडेला पांढरी रेघ ओढायची, ही आपल्याकडच्या सरकारी आवारांची जुनी सवय आहे. आतमध्ये कोळसा झालेला कक्ष असो की रंगरंगोटी केलेली नवी इमारत, निरोप आला की हात आपोआप चालू लागतात. महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयात ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. 'उद्या साहेब येणार' एवढं कळलं की स्टोअरच्या कुलूपबंद कपाटातून कोऱ्या चादरी निघतात. एका खाटेवर दोन बायका असतील तर एकीची रवानगी दुसऱ्या वॉर्डात होते. जिन्याखालची मोडकी स्ट्रेचर गच्चीवर जातात. नातेवाइकांना दोन तास बाहेर काढलं जातं. इनचार्ज सिस्टर सकाळपासून रजिस्टरं पुरी करत बसते आणि त्या वेळात ज्या पेशंटचं सलाईन बघायचं ते मागे पडतं. साहेब येतात, वीस मिनिटं चालतात, दोघाचौघांना 'काही त्रास नाही ना?' असं विचारतात. सगळे 'नाही' म्हणतात. साहेब जातात. संध्याकाळपर्यंत चादरी पुन्हा कपाटात जातात.

रुग्णालयाचे प्रमुख, मंत्री किंवा संचालक वॉर्डात येतात तेव्हा तिथे नेमकं काय घडतं आणि काय घडायला हवं, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. पेशंटला इजा कुठून होणार आहे, हे सर्वांत आधी त्याच्या खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळतं. ती इजा थांबवायला लागणारा पैसा, सही आणि अधिकार मात्र दोन-चार मजले वर असतो, कधी दोन-चारशे किलोमीटर लांब राजधानीत असतो. या दोघांची गाठ पडली नाही तर काय होतं, याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण उत्तर प्रदेशातच आहे. ते ज्या संस्थेत घडलं, तिच्या नावात एक मराठी माणूस आहे.

गोरखपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला बाबा राघवदास यांचं नाव आहे. मूळचे राघवेंद्र पाच्छापूरकर, जन्म पुण्याचा, साल १८९६. तरुणपणी घर सोडून ते पूर्व उत्तर प्रदेशात गेले, बरहजला आश्रमात राहिले आणि तिथल्या गोरगरिबांचे झाले. त्यांच्या नावाच्या या रुग्णालयात ९ ऑगस्ट २०१७ रोजी मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ आले होते. जपानी मेंदूज्वराचा हंगाम होता, त्याचा आढावा घेतला गेला. दुसऱ्याच दिवशी, १० ऑगस्टला, द्रवरूप प्राणवायूच्या टाकीचं मोजमाप रोज पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं की साठा संपत आला आहे. असा इशारा त्यांनी त्याच महिन्याच्या सुरुवातीलाही दिला होता. पुरवठादाराची बिलं थकली होती. त्या रात्री पुरवठा विस्कळीत झाला. दहा आणि अकरा ऑगस्ट या दोन दिवसांत तिथे तीसहून अधिक मुलांचा मृत्यू झाला. हे मृत्यू प्राणवायूअभावी झाले नाहीत, अशी सरकारची भूमिका राहिली. तो वाद इथे सोडवता येणार नाही. पण मुख्यमंत्र्यांनी नंतर पत्रकारांना जे सांगितलं ते या लेखाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. आपण जुलैत आणि ऑगस्टमध्ये, अशा दोन्ही भेटींत अडचणी विचारल्या होत्या, प्राणवायूचा विषय कुणीही काढला नाही, असं ते म्हणाले.

म्हणजे राज्यातला सर्वांत अधिकारी माणूस त्या आवारात होता. टाकीचा काटा वाचणारी माणसंही त्याच आवारात होती. त्यांनी तर हे सगळं कागदावर उतरवलं होतं. तरीही एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या कानापर्यंत गेलं नाही. अशा भेटीत साहेबांभोवती प्राचार्य, विभागप्रमुख, जिल्हाधिकारी, पोलीस यांचं कडं असतं. टाकीपाशी काम करणारा कर्मचारी त्या कड्याच्या बाहेर असतो. समजा, तो आत शिरला असता आणि बोललाच असता, तर संध्याकाळी त्याच्या साहेबाने त्याला काय विचारलं असतं, हे तोही जाणतो आणि आपणही जाणतो.

भीतीचं हे गणित नांदेडमध्ये तर साऱ्या देशाने पाहिलं. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या आरंभी अवघ्या चोवीस तासांत २४ रुग्ण गेले, त्यात नवजात बाळंही होती. त्यानंतर पुढाऱ्यांची रीघ लागली. हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना अस्वच्छ शौचालय साफ करायला लावलं आणि त्याचं चित्रीकरण घरोघरी पोचलं. पुढे खासदारांवर गुन्हा दाखल झाला. शौचालय घाण होतं, हे खरं. लोकांचा उद्वेगही खरा. पण मेलेल्या बाळांच्या आया जिथे बसल्या होत्या, तिथे त्या दिवशी विचारण्यासारखे कितीतरी प्रश्न होते. रात्रपाळीला किती सिस्टर होत्या, कुठलं औषध कधीपासून नव्हतं, बाळं बाहेरून किती उशिरा आणली गेली. त्याऐवजी सगळ्या वॉर्डांनी पाहिलं ते हे की मोठा माणूस येतो तेव्हा आपल्यातल्या सर्वांत वरच्या माणसाचीही अब्रू जाऊ शकते. अशा दृश्यानंतर कुठली नर्स तोंड उघडून सांगेल की साहेब, परवा माझ्या हातून चुकीचं इंजेक्शन जाता जाता वाचलं?

लखनऊच्या दैनिकांत 'औचक निरीक्षण' हे शब्द वरचेवर दिसतात. ब्रजेश पाठक यांनी २०२२ साली आरोग्य खातं हाती घेतल्यावर अशा अचानक भेटींचा सपाटाच लावला होता. तोंडाला मास्क लावून ते किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात पर्चीच्या रांगेत साध्या माणसासारखे उभे राहिले. लखनऊच्याच लोहिया वैद्यकीय संस्थेच्या औषधसाठ्यात त्यांना मुदत संपलेली औषधं सापडली. या भेटींना मी नाकारणार नाही. औषधाच्या खोक्यावरची तारीख, बंद खिडकी, गैरहजर डॉक्टर या गोष्टी डोळ्यांनी दिसतात आणि त्या पकडायला न सांगता जाणं हाच मार्ग आहे. मात्र थोडक्यात टळलेली चूक डोळ्यांना दिसत नाही. ती फक्त जिच्या हातून टळली तिलाच माहीत असते आणि तिने सांगितली तरच कळते. छापा घालून ती सापडत नाही.

तिचं एक उदाहरण जवळून पाहू. कुठल्याही वॉर्डात औषधांची ट्रॉली असते. तिच्या खणात दहा मिलीच्या लहान बाटल्या, ज्यांना सगळे ॲम्प्यूल म्हणतात, शेजारीशेजारी पडलेल्या असतात. एकीत इंजेक्शन पातळ करायला वापरायचं निर्जंतुक पाणी, दुसरीत पोटॅशियम क्लोराइड. आकार तोच, आतलं द्रव तसंच पाण्यासारखं, चिठ्ठीवरची अक्षरं मुंगीएवढी. पंधरा टक्के पोटॅशियम क्लोराइडच्या दहा मिलीत २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. ते सलाईनच्या मोठ्या बाटलीत मिसळून तासन्‌तास हळूहळू द्यायचं असतं. न मिसळता सरळ शिरेत गेलं तर हृदय थांबतं. पहाटे तीन वाजता, चाळीस पेशंटांमागे एकटी असलेली सिस्टर अँटिबायोटिक पातळ करायला त्या खणात हात घालते. ट्रॉलीवरची ट्यूबलाइट आठवडाभर फडफडते आहे. बाटली हातात येते, ती चिठ्ठी डोळ्यांजवळ नेते, दचकते, बाटली परत ठेवते आणि दुसरी उचलते. पेशंटला काही झालं नाही. केसपेपरवर काही लिहिलं गेलं नाही. सकाळी ओव्हर देताना ती कदाचित मैत्रिणीला म्हणेल, 'अगं, काल जीवच उडाला माझा.' बस्स, विषय संपला. पुढच्या रात्री तीच ट्रॉली, तोच खण आणि तीच ट्यूबलाइट दुसरीच्या वाट्याला येते.

यावरचा उपाय जगभर ठाऊक आहे आणि तो स्वस्त आहे. तीव्र पोटॅशियमच्या बाटल्या साध्या वॉर्डाच्या ट्रॉलीतून काढून वेगळ्या कुलपात, वेगळ्या रंगाची पट्टी लावून ठेवायच्या. खर्च जवळजवळ शून्य. पण तो निर्णय सिस्टर एकटी घेऊ शकत नाही, कारण स्टोअर, फार्मासिस्ट, भूलतज्ज्ञ आणि अधीक्षक अशा चौघांचं एकमत लागतं. अधीक्षकांनी त्या ट्रॉलीपाशी पंधरा मिनिटं उभं राहून 'इथे कशाची भीती वाटते?' एवढं विचारलं असतं तर काम त्या दुपारीच झालं असतं.

नेमका हाच विचार करून बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात डॉ. ॲलन फ्रँकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत बसवली. रुग्णालयाचे सर्वांत वरचे अधिकारी ठरलेल्या दिवशी एका विभागात जायचे आणि तिथल्या परिचारिका, निवासी डॉक्टर, औषधवाले यांच्याशी तासभर बोलायचे. तपासणी नाही, रजिस्टर नाही, शेरा नाही. विचारायचं ते असं: गेल्या काही दिवसांत इथे काय थोडक्यात टळलं? पुढच्या पेशंटला कशामुळे इजा होईल असं तुम्हाला वाटतं? काम नीट करायला तुम्हाला कशाची आडकाठी येते? सुरुवातीलाच स्पष्ट सांगायचं की इथे बोललेल्या गोष्टीवरून कुणालाही मेमो मिळणार नाही. जे निघेल ते टिपून घ्यायचं, प्रत्येक मुद्दा कुणा एका वरिष्ठाच्या नावावर चढवायचा आणि त्याचं काय झालं ते त्याच वॉर्डाला परत येऊन सांगायचं. २००३ साली या पद्धतीवरचा लेख प्रसिद्ध झाला आणि ती अमेरिका-ब्रिटनमध्ये झपाट्याने पसरली.

पसरली आणि अनेक ठिकाणी बिघडलीही. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण आपल्याकडे बाहेरची चांगली कल्पना आली की तिचं परिपत्रक निघतं आणि काम झालं असं समजलं जातं. अनिता टकर आणि सारा सिंगर या दोघींनी अमेरिकेतल्या १९ रुग्णालयांत ही पद्धत राबवून तिची तुलना इतर रुग्णालयांशी केली. २०१५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष खडबडून जागं करणारा होता. सरासरी पाहिली तर अधिकाऱ्यांच्या अशा फेऱ्यांनी परिस्थिती सुधारली नाही, उलट परिचारिकांचं आपल्या विभागाबद्दलचं मत खालावलं. फायदा झाला तो सोडवायला सोपे प्रश्न हाती घेऊन जिथे ते खरोखर सोडवले गेले, तिथे. तडीला नेण्याची जबाबदारी वरिष्ठाने स्वतः घेतली होती, तिथेही झाला. मला याचं आश्चर्य वाटत नाही. कुणी विचारलंच नाही तर माणूस गप्प राहतो, निभावून नेतो. पण विचारलं, त्याने मन मोकळं केलं आणि पुढे सहा महिने काहीच हललं नाही, तर तो पुढच्या वेळी बोलणार नाही. बोलायचं नाही हे तो नव्याने शिकलेला असतो.

उत्तर प्रदेशात आणि लखनऊला केंद्र धरून याच्याशी जवळचं नातं असलेला एक फार मोठा प्रयोग झाला आहे. त्याच्या मुळाशी यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव आहे, म्हणून त्याची हकिगत थोडी सविस्तर सांगतो.

उमरखेड तालुक्यातलं उटी हे डॉ. आत्माराम गावंडे यांचं गाव. ते शिकून अमेरिकेत गेले, ओहायोतल्या अथेन्स या गावी मूत्ररोगशल्यचिकित्सक झाले. गावाला विसरले नाहीत. उमरखेडचं गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय त्यांच्या आईच्या नावाने उभं आहे. त्यांचे चिरंजीव अतुल गावंडे हे शल्यचिकित्सक आणि लेखक. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटाने शस्त्रक्रियेआधी वाचायची एक छोटी यादी तयार केली. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीचंही एक होतं, ती वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. तो निकाल २००९ चा. त्यानंतर बाळंतपणासाठी तशीच यादी आली. तिची पहिली चाचणी कर्नाटकातल्या एका उपजिल्हा पातळीवरच्या प्रसूतिगृहात, बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांच्या साथीने झाली. बाळंतपणात करायच्या २९ आवश्यक गोष्टींपैकी आधी सरासरी दहाच होत होत्या, यादी आल्यावर पंचवीस होऊ लागल्या.

मग उत्तर प्रदेश. २०१४ ते २०१६ या काळात २४ जिल्ह्यांतली १२० सरकारी प्रसूतिकेंद्रं निवडली गेली. साठ केंद्रांत यादी आणि तिच्यासोबत माणूस, उरलेल्या साठांत नेहमीचंच काम. दीड लाखाहून जास्त माता आणि बाळांची नोंद ठेवली गेली. एवढा मोठा अभ्यास या विषयावर क्वचितच झाला असेल. लखनऊची कम्युनिटी एम्पॉवरमेंट लॅब ही संस्था त्यात सहभागी होती.

'तिच्यासोबत माणूस' असं म्हटलं, कारण या प्रयोगाचा जीव तिथेच होता. प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका प्रत्येक केंद्रात आठ महिन्यांत ४३ वेळा गेल्या. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, मग हळूहळू कमी. त्या लेबर रूममध्ये उभ्या राहायच्या, बाळंतपण बघायच्या आणि नंतर तिथल्या नर्सशी बोलायच्या. हात का धुतले गेले नाहीत? नळ कुठे आहे? पाणी येतं का? ऑक्सिटोसिन भरून आधी तयार का नव्हतं? फ्रिजची किल्ली कुणाकडे असते? त्यांच्यासोबत त्यांचे प्रमुखही फिरायचे आणि ते केंद्राच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटायचे. नर्सच्या हातात नसलेली गोष्ट, म्हणजे नळ, किल्ली, हातमोजे, ही या दुसऱ्या माणसामार्फत साहेबापर्यंत जायची. गावंडे यांनी २०१३ साली 'द न्यूयॉर्कर'मध्ये अशाच एका तरुण प्रशिक्षक परिचारिकेबद्दल लिहिलं आहे. समोरची नर्स तिच्याहून कितीतरी अनुभवी. ती तिचं ऐकू लागली, कारण ही मुलगी चुका काढायला आलेली नाही, हे तिला पटलं.

सरकारी लेबर रूम ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे तिथे सात ट्रे मांडून ठेवायचे असतात. प्रसूतीचा, टाके घालण्याचा, बाळाचा, औषधांचा, तातडीच्या औषधांचा, आणि आणखी दोन. भिंतीवर त्यांची यादी चिकटवलेली असते. तपासणीच्या दिवशी सातही ट्रे हिरव्या कापडाखाली ओळीने मांडलेले दिसतात. बाळाच्या ट्रेमध्ये श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा देण्यासाठी फुगा आणि मास्क असतो. तपासणारा तो आहे की नाही हे बघतो आणि खूण करतो. तो हातात घेऊन दाबून बघणारा आणि सिस्टरला 'शेवटचा कधी वापरलात?' असं विचारणारा विरळा. मास्क मोठ्या बाळाच्या मापाचा आहे आणि लहान मापाचा तीन महिन्यांपूर्वी फाटला, हे फक्त दाबून पाहिल्यावर आणि विचारल्यावरच कळतं.

प्रयोगाचा निकाल डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षक जात असताना, दोन महिन्यांनी पाहिलं तेव्हा, या केंद्रांत आवश्यक गोष्टींपैकी ७२.८ टक्के पाळल्या जात होत्या. नेहमीच्या केंद्रांत ४१.७ टक्के. हा फरक मोठा होता. प्रशिक्षकांचं जाणं थांबल्यावर चार महिन्यांनी तोच आकडा ६१.७ टक्क्यांवर उतरला होता. आणि जे सर्वांत महत्त्वाचं, माता-बाळांचे मृत्यू आणि मातांना झालेली गंभीर गुंतागुंत, त्यात फरक पडला नाही. एकीकडे १५.१ टक्के, दुसरीकडे १५.३.

हा निकाल वाचून निराश होणारे पुष्कळ भेटतात. मी तो निराशेने वाचत नाही, पण सोपा करूनही वाचू नये. नर्सचं काम सुधारलं, हे सिद्ध झालं. तेवढ्याने बाळ वाचलं नाही, हेही सिद्ध झालं. रक्त कमी पडलं तर ते कुठून येणार, सिझेरियनची गरज पडली तर गाडी किती वेळात येणार, रात्री डॉक्टर असतो का, गुदमरलेलं बाळ हाताळण्याचा सराव कुणाला आहे, या गोष्टी लेबर रूमच्या बाहेर ठरतात. त्या प्रभारी अधिकाऱ्याच्याही वर ठरतात. माझ्या मते या आकड्यांतून साहेबांनी वॉर्डात जाण्याची गरज अधिकच ठळक होते. नर्सला भेटणारी नर्स कामाची सवय बदलू शकते. रक्तपेढी आणि गाडी मिळवून देणं तिच्या हातात नाही. ज्याच्या हातात आहे त्याने त्या खोलीत उभं राहून पाहायला हवं की इथे अर्ध्या रात्री नेमकं काय संपतं.

आता लखनऊचं इंदिरा नगर, कारण हे साहेब घडतात ते तिथे. गोमतीच्या पलीकडे, फैजाबाद रस्त्याला लागून ही मोठी वसाहत पसरली आहे. मार्च २०१९ पासून मेट्रो तिच्या आतपर्यंत जाते. लेखराज मार्केट, भूतनाथ मार्केट, इंदिरा नगर आणि शेवटचं मुन्शीपुलिया. बाराबंकीकडून येणारा माणूस पॉलिटेक्निक चौराह्याला उतरतो, तिथून ही वसाहत हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे इथल्या रस्त्यांवर नर्सिंग होमच्या पाट्या, तपासणीच्या लॅब आणि औषधांची दुकानं यांची कमतरता नाही. वसाहतीच्या सी ब्लॉकमध्ये राज्य आरोग्य आणि कुटुंब कल्याण संस्था आहे. उत्तर प्रदेशच्या आरोग्य खात्यातल्या डॉक्टर-अधिकाऱ्यांची प्रशिक्षणं घेणारी ही सरकारी संस्था. म्हणजे ज्या साहेबांच्या भेटीबद्दल आपण बोलतो आहोत, त्यांना साहेब म्हणून घडवण्याचं काम या वसाहतीत चालतं.

सरकारी सेवेतला डॉक्टर पंधरा-वीस वर्षं पेशंट तपासतो, मग ज्येष्ठतेने अधीक्षक होतो. उत्तर प्रदेशात त्यांना सीएमएस म्हणतात, आपल्याकडे सिव्हिल सर्जन. एका ऑर्डरने तो पेशंटच्या खाटेपासून उठून फायलींच्या टेबलापाशी येतो. खरेदी, निविदा, न्यायालयीन प्रकरणं, लेखापरीक्षण, व्हीआयपी दौरे, शवविच्छेदनावरून झालेली मारामारी, हे सगळं त्याच्या अंगावर येतं. मी त्याला दोष देणार नाही. वॉर्डात जायला त्याला वेळ नसतो, ही थाप नाही. पण अशा माणसाला नियमांच्या पुस्तकाबरोबर हेही शिकवायला हवं की सिस्टरसमोर खुर्ची ओढून कसं बसायचं, पहिला प्रश्न काय विचारायचा, आणि तिने सांगितलेली अडचण आपल्या हातातली नसेल तर ते तिला कसं सांगायचं. हे ज्ञान जन्मजात नसतं. प्रश्न विचारायची सवय डॉक्टरला असते, उत्तर ऐकताना मध्ये न बोलण्याची नसते.

भारत सरकारच्या कागदांत हे बसतं. २०१५ ची कायाकल्प योजना आहे, डिसेंबर २०१७ चा लक्ष्य हा लेबर रूमसाठीचा कार्यक्रम आहे, २०१८ ते २०२५ साठीचा रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा होता. दरवर्षी १७ सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिन पाळला जातो, इमारती नारिंगी रंगात उजळतात. या सगळ्यांनी लेबर रूम खरोखरच सुधारल्या आहेत, स्वच्छता वाढली आहे, हे मान्य करायला हवं. त्यांचा गाभा मात्र गुण देण्याचा आहे. तपासणारे येतात, गुण देतात, सत्तर टक्क्यांवर गेलं की प्रमाणपत्र मिळतं. गुण मिळवायचे असले की माणूस उणीव झाकतो. म्हणून गुण देणारी भेट आणि अडचण विचारणारी भेट एकाच दिवशी, एकाच माणसाने करू नये, असं मला आग्रहाने वाटतं.

इंदिरा नगरातल्या आणि आपल्याही शहरांतल्या छोट्या खासगी रुग्णालयांची गोष्ट वेगळी आहे. तिथे मालकच डॉक्टर असतो, दिवसातून तीनदा राउंड घेतो. साहेब आणि सिस्टर यांच्यात एक जिना एवढंच अंतर. तरी तिथली सिस्टर बोलते का? तिची नोकरी त्याच्या शब्दावर असते, अनेकदा पगारही नावापुरताच असतो. पेशंटच्या नातेवाइकांसमोर तिला ओरडायची डॉक्टरला सवय असते. डॉक्टरांनी डोस दुप्पट लिहिला आहे असं वाटूनही ती 'सरांनी लिहिलंय ना' म्हणून गप्प बसते. अशा ठिकाणी पाहणी, आराखडा, समिती काहीच लागत नाही. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा सगळ्यांना, मावशी आणि वॉर्डबॉय धरून, चहाला बसवावं आणि स्वतःची एखादी चूक आधी सांगावी. हे मला खात्रीने सांगता येतं, कारण वरच्या माणसाने आधी सांगितल्याशिवाय खालच्याने सांगावं अशी आपल्या समाजाची घडणच नाही.

ब्रिटनमध्ये स्टॅफर्डच्या रुग्णालयात वर्षानुवर्षं पेशंटांचे हाल झाले. त्याची चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस यांनी केली आणि २०१३ साली अहवाल आला. संचालक मंडळ आकडे आणि पैशांचा हिशेब बघत राहिलं, वॉर्डातली माणसं आणि नातेवाईक जे सांगत होते ते त्याने ऐकलं नाही, असं त्यात निघालं. श्रीमंत देशातही हेच. फक्त तिथे नंतर अहवाल छापला जातो आणि लोक तो वाचतात.

आपल्याकडे वॉर्डाचं म्हणणं वर पोचलं तरी वरून उत्तर यायला किती वेळ लागतो, याचं भंडारा हे उदाहरण आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. सतरा बाळांपैकी सात वाचवता आली, दहा गेली. रुग्णालयात आग विझवणाऱ्या यंत्रणेचा प्रस्ताव काही महिन्यांपूर्वीच वर पाठवलेला होता आणि मंजुरीची वाट बघत होता, हे नंतर बातम्यांतून बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री आले, आई-वडिलांना भेटले. प्रस्ताव गेला त्या आठवड्यात मुंबईहून कुणी अधिकारी त्या कक्षात येऊन उभा राहिला असता, तिथल्या सिस्टरने त्याला वायरी दाखवल्या असत्या, तर त्या कागदावरची सही लवकर झाली असती का? मला वाटतं, झाली असती. फाइलमधला कक्ष आणि समोर बाळं श्वास घेताहेत असा कक्ष, या दोन्हींवर सही करणारा हात सारख्या गतीने चालत नाही.

म्हणून जे करायचं ते साधं आणि नेटाने करण्याजोगं आहे. महिन्याचा एक ठरलेला दिवस, एक ठरलेला वॉर्ड. ही तपासणी नाही, हे जायच्या आधी तिथे सांगून ठेवायचं, म्हणजे कुणी चादरी बदलत बसणार नाही. सोबत फौजफाटा नको, अधीक्षक, मेट्रन आणि स्टोअरचा माणूस पुरे. रात्रपाळीची सिस्टर त्या बैठकीला असायलाच हवी. तिला त्यासाठी सकाळी अडकवायचं नाही, साहेबांनी रात्री नऊला जायचं. वॉर्डात एक पाटी लावायची. तिच्यावर वॉर्डाने सांगितलेली अडचण, कुणाकडे दिली त्याचं पद, आणि काय झालं ते, खडूने लिहायचं. सोपं आधी सोडवायचं: ट्यूबलाइट, फ्रिजच्या किल्लीची दुसरी प्रत, लहान मापाचा मास्क, पोटॅशियमचं वेगळं कुलूप. जे आपल्या हातात नाही, तिथे 'संचालनालयाला अमुक तारखेला लिहिलं, उत्तर नाही' असंच लिहायचं आणि पुसायचं नाही. सिव्हिल सर्जन आणि सीएमएस यांच्या बदल्या होत राहतात. नव्या साहेबांनी खुर्चीवर बसल्यावर पहिल्या आठवड्यात सगळ्या वॉर्डांतल्या त्या पाट्या स्वतः फिरून वाचाव्यात आणि न पुसलेल्या ओळींपासून कामाला सुरुवात करावी.